जुन्या दगडी घरात भिंतीला ओल, फरशीला पाणी... सुरुवात नक्की कुठून करू?

दगडफूल

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय आणि ते लांबलचक होणार आहे, आधीच माफी मागून ठेवते.

घर जुनं, दगडी. भिंती पावणेदोन-दोन फूट जाड, आतबाहेरून मोठे दगड आणि मधे डबर-मातीचा भराव असं गवंड्यांनी सांगितलं. तळमजल्यावर दगडी फरशी, बहुतेक सरळ मातीवरच बसवलेली. घर बरीच वर्षं बंद होतं. तीन वर्षांपूर्वी राहायला आलो आणि उत्साहाच्या भरात सगळं "पक्कं" करून घेतलं, म्हणजे बाहेरून दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या, आतून जुना चुन्याचा गिलावा पाडून सिमेंटचा केला, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल, वर प्लास्टिक पेंट. पहिलं वर्ष इतकं छान दिसत होतं की येणारा प्रत्येक जण भिंतीवरून हात फिरवून जायचा.

दुसऱ्या वर्षी रंगाला फोड यायला लागले. नखाने टोकरलं की आतून पांढरी भुकटी पडते, मिठासारखी, बोटाला किंचित ओलसर लागते. आधी हे सगळं गुडघ्यापर्यंत होतं, आता कंबरेच्या वर गेलंय. मागच्या खोलीच्या एका कोपऱ्यात मात्र वरपासून खालपर्यंत ओला पट्टा आहे, तिथे भुकटी फारशी नाही, नुसता काळपट डाग. आणि फरशीचं तर मला कोडंच आहे. भर पावसात कधीकधी ती कोरडी ठणठणीत असते आणि पाऊस थांबून दमट, गुदमरल्यासारखी हवा पडली की दुपारी अक्षरशः पाणी सुटतं, अनवाणी चाललं तर पावलं उमटतात. कपाटामागे काळी बुरशी, आतल्या चामड्याच्या बॅगेवर हिरवी. कुबट वास तर आता आम्हाला येतही नाही, पाहुणे आले की त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

तिघांना दाखवून झालं. पहिला म्हणाला भिंतीला भोकं पाडून ओल अडवणाऱ्या केमिकलचं इंजेक्शन मारू. दुसरा म्हणाला चार फुटांपर्यंत टाइल्स लावून टाका, दिसणारच नाही. तिसरा म्हणाला फरशी उखडा, खाली जाड प्लास्टिक, वर काँक्रीट. पहिल्याकडे दोन सुया असलेलं मीटर होतं, भिंतीला टोचलं की लाल दिवा आणि पीं पीं, ते ऐकून नवऱ्याने जवळजवळ चेकबुकच काढलं होतं. मीच थांबवलं. तिघांची तीन मतं म्हटल्यावर कोणाचं ऐकायचं?

खटपट्या

आम्ही टाइल्स लावल्या होत्या. चार फुटांपर्यंत. आता ओल साडेपाच फुटांवर दिसते. एवढंच सांगतो.

चुनखडी

खटपट्यांनी दोन ओळीत सगळंच सांगितलं, मी आता तेच लांबवतो :) जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे थोडं अधिकारवाणीने लिहीन, राग मानू नका.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे कोणालाही आत्ता काम देऊ नका. तुमच्याकडे एक ओल नाहीये, तीन वेगवेगळ्या ओली आहेत आणि तुम्हीच त्या इतक्या नीट वेगळ्या करून लिहिल्यात की अर्धं निदान झालेलंच आहे. कंबरेपर्यंतची भुकटीवाली जमिनीतून येतेय. कोपऱ्यातला पट्टा वरून किंवा बाहेरून येतोय. फरशीचं पाणी बहुतेक हवेतलं आहे. तिघांवर एकच औषध नाही, आणि ज्या माणसाकडे एकच औषध विकायला असतं त्याला रोगही एकच दिसतो.

आता भिंतीचं. जमिनीतलं पाणी बारीक बारीक छिद्रांतून वर चढतं, कंदिलाची वात तेल ओढते तसं. पण घट्ट काळ्या दगडाच्या भिंतीत दगड पाणी पीत नाही, दरजा पितात आणि मधला भराव पितो. घरीच बघा, कोरड्या दगडावर पाण्याचा थेंब टाका, तो फुगून तसाच बसेल, जुन्या चुन्याच्या दरजेवर टाका, बघता बघता गायब. (तुमचा दगड मऊ, वालुकाश्मासारखा असेल तर मात्र तोही पितो.) हे पाणी पूर्वीही वर येतच होतं. फरक एवढाच की दरजा चुन्याच्या, गिलावा चुन्याचा, रंग म्हणजे चुन्याची सफेदी, त्यामुळे वितभर चढायच्या आत ते दोन्ही बाजूंनी वाळून जायचं. जुन्या घरांचा हिशोब पाणी अडवायचा नव्हताच, आलेल्या पाण्याला जाऊ द्यायचा होता. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळी 1824 सालचं, त्याआधीची हजारो वर्षं लोकांनी दगडी घरं बांधली आणि त्यात राहिले.

तुम्ही तीन वर्षांपूर्वी काय केलंत तर दोन्ही बाजूंनी दारं बंद केलीत. बाहेर सिमेंटच्या दरजा, आत सिमेंट, वर प्लास्टिक. पाणी खालून यायचं थांबलं नाही, फक्त बाहेर पडायची वाट बंद झाली, मग ते वाट सापडेपर्यंत वर चढतं. गुडघ्याचं कंबरेवर गेलं ते याचमुळे. शिवाय सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात, त्यातून पावसाचं पाणी आत शिरतं आणि बाहेर येताना अडकतं.

पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाणी जमिनीतले आणि भिंतीतले क्षार घेऊन येतं, पाणी वाळतं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होताना गिलाव्याच्या आत फुगतात आणि पोपडे उडवतात. आणि यातली खोच अशी की हे क्षार हवेतूनही पाणी ओढतात. साधं मीठ घ्या, हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की त्याला पाणी सुटायला लागतं, काही नायट्रेट तर त्याच्याही बऱ्याच आधी. म्हणजे उद्या जमिनीतलं पाणी पूर्ण थांबलं तरी लोणा लागलेला गिलावा दमट दिवशी ओलाच दिसणार. तो काढूनच टाकावा लागतो. आणि तोपर्यंत ती भुकटी ओल्या फडक्याने पुसू नका हो, विरघळून परत आत जाते. कोरड्या ब्रशने झाडायची, खाली कागद धरायचा आणि तो कागद घराबाहेर टाकायचा.

त्या मीटरबद्दल. दोन सुयांचं मीटर लाकडासाठी असतं, दोन टोकांमधून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून लाकडातल्या पाण्याचा टक्का सांगतं. भिंतीत क्षार असले तरी वीज वाहतेच, म्हणून लोणा लागलेल्या जवळजवळ कोरड्या भिंतीतही ते बोंबलतं. भिंतीचं खरं पाणी मोजायचं तर भिंतीच्या आतला चुरा हळू ड्रिलने काढून वजन करायचं, वाळवायचा, परत वजन करायचं. कोणी एवढं करत नाही कारण त्यात पीं पीं होत नाही.

आता दोन कामं सांगतो, दोन्ही फुकट. एक, पुढचा मोठा पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर जा आणि त्या कोपऱ्यासमोर दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहा. पन्हळ, उतरता पाइप, खिडकीच्या वरचा दगड, पाणी कुठून कुठे जातंय ते बघा. दोन, बाहेरची जमीन आणि आतली फरशी यांच्या उंचीतला फरक मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक आत, एक बाहेर, गवंडी लेव्हल घेतात तसं. बाहेरची जमीन फरशीपेक्षा निदान 150 ते 200 मिमी खाली हवी. मोजून इथे सांगा.

उंबरठा

चुनखडींनी भिंतीचं सगळं सांगितलंच, मी फक्त फरशीवर बोलते कारण दोन वर्षं मी याच कोड्यात अडकले होते.

तुमची फरशी घाम गाळतेय. गार पेल्याच्या बाहेर थेंब जमतात ना, तेच. हवा जितकी गरम तितकं जास्त पाणी ती धरू शकते, 30 अंशाला घनमीटरमागे साधारण 30 ग्रॅम, 20 अंशाला जेमतेम 17. त्यामुळे गरम दमट हवा गार दगडाला टेकली की उरलेलं पाणी तिथेच सोडून जाते. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर 26 अंशांवर दव पडतं, आणि मातीवर बसलेली जाड दगडी फरशी दुपारी 25-26 वर सहज असते. पावसात हवा स्वतःच गार झालेली असते म्हणून तेव्हा कोरडी, पाऊस थांबून उकडायला लागलं की ओली. तुमच्या कोड्याचं उत्तर बहुतेक हेच.

पण मी म्हणते म्हणून मानू नका, तपासा. फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा हातभर चौकोन घ्या, फरशीचा तेवढा भाग पुसून चांगला वाळवा, चौकोन ठेवून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवस थांबा आणि त्यात एक तरी "पाणी सुटतं" तसा दिवस येऊ द्या. वरच्या बाजूला थेंब आले तर पाणी हवेतलं. खालच्या बाजूला ओल आली किंवा दगडाचा रंग गडद झाला तर जमिनीतलं. दोन्हीकडे असू शकतं, त्यालाही घाबरायचं नाही. एक दरजेवर आणि एक दगडाच्या मधोमध असे दोन चौकोन लावा, दोघांची उत्तरं वेगळी येतात कधीकधी.

आणि आता ज्याच्यावर माझं घरी भांडण झालं ती गोष्ट, अशा दिवशी खिडक्या उघडू नका! सगळे सांगतात वारा खेळता ठेवा वारा खेळता ठेवा, आणि आपण भर दुपारी बाहेरची गरम दमट हवा आत बोलावून गार फरशीवर ओततो. एक साधं आर्द्रतामापक आत आणि एक बाहेर ठेवा, दोघांवर तापमानही दिसतं. बाहेरच्या हवेत खरोखर पाणी कमी असेल तेव्हाच उघडा. नुसता टक्का बघून फसू नका, तापमान वेगळं असेल तर टक्क्याची तुलना होत नाही, दवबिंदू बघा (ज्या तापमानाला दव पडतं ते), मोबाइलवर त्याचं कोष्टक मिळतं. मी पहाटे आणि पाऊस पडून हवा गार झाल्यावर उघडते, अकरा ते पाच बंद, त्या वेळात पंखा आणि अगदीच झालं तर हवेतलं पाणी ओढणारं मशीन, ते लावलं की मात्र दारंखिडक्या बंद हव्यात नाहीतर ते जगाचं पाणी ओढत बसतं.

घरात कपडे वाळत घालता का? एका वेळच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. ते कुठे जातं असं वाटतं? बॅगेवर :)

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली पाय किंवा ठोकळे लावा. फरशीवर रबरी बुडाचं पायपुसणं किंवा व्हिनाइल असेल तर ते आजच काढा, खालचा ओलावा तिथे कोंडतो.

पाटीपेन्सिल

थोडा विरोधी सूर लावतो. इंजेक्शनला सरसकट शिव्या घालू नका. माझ्याकडे विटांच्या भिंतीत सिलिकॉनची क्रीम भरून घेतली, सहा वर्षं झाली, भिंत कोरडी आहे. त्यामुळे ते थोतांड आहे वगैरे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

चुनखडी

@पाटीपेन्सिल, थोतांड म्हणत नाहीये. विटांच्या भिंतीत दरजेची एक सरळ आडवी ओळ मिळते, त्या ओळीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून क्रीम भरली की ती पसरून सलग पट्टा तयार होतो, ते काम करू शकतं. ताईंच्या भिंतीत दोन फूट जाडी, ओबडधोबड दगड, मधे भराव, पोकळ्या. सरळ दरजच नाही. भोक दगडात गेलं तर क्रीम तिथेच बसते, पोकळीत गेलं तर खाली सांडते. पट्टा सलग झाला की नाही ते कोणीच बघू शकत नाही आणि एका फटीतून जरी पाणी वर गेलं तरी ते जातंच. शिवाय एक विचारू का, इंजेक्शनवाल्यांनी तुमच्याकडे त्याच वेळी खालचा गिलावा काढून नवा केला होता ना?

पाटीपेन्सिल

केला होता. मीटरभर उंचीचा. आणि हो, बाहेरचा मातीचा ढीगही तेव्हाच हलवला होता, आता तुम्ही विचारल्यावर आठवलं. घ्या, म्हणजे सहा वर्षं मी कोणाचे आभार मानतोय तेच आता कळेना.

दगडफूल

बाप रे, एवढं सगळं! आधी सगळ्यांचे आभार.

नळी लावून मोजलं. पुढच्या बाजूला जमीन फरशीपेक्षा एक फूट खाली आहे, तिथे भिंतीला त्रास जवळजवळ नाहीच, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मागच्या बाजूला अंगणात सिमेंटचा कोबा आहे, तो अगदी भिंतीला टेकवलाय आणि फरशीपेक्षा चार बोटं वर आहे. वर! तो आम्हीच करून घेतला, चिखल नको म्हणून. आणि उतार थोडा भिंतीकडेच आहे. मोजणारा नवरा त्यानंतर अर्धा तास काही बोलला नाही.

आता प्रश्न, कोबा फोडायचा का? किती? आणि सिमेंटचा गिलावा सगळा काढायचा म्हणजे घर परत उघडंवाघडं... हे करताना तिथे राहता येतं का?

सावली

राहता येतं, आम्ही राहिलो. मजा येते असं म्हणणार नाही.

कोबा फोडा, भिंतीपासून निदान दीड-दोन फुटांचा पट्टा सगळीकडून मोकळा करा. माती काढून पातळी फरशीच्या खाली न्या आणि त्या पट्ट्यात नुसती धुतलेली जाड खडी भरा, भुशी (बारीक चुरा) नसलेली, म्हणजे पावसाचं पाणी उडून भिंतीवर येत नाही आणि भिंतीचा पायथा वाळत राहतो. उरलेल्या अंगणाचा उतार घरापासून लांब. जमिनीतच पाणी साचत असेल तर चर खणून भोकांचा पाइप, भोवती खडी आणि कापड, मीटरला सेंटिमीटरभर उतार, आणि दुसरं टोक खरोखर कुठेतरी मोकळं सुटलेलं. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे आधीच्या माणसाने सुंदर चर केला होता, पाइप शेवटी मातीत संपत होता, म्हणजे आम्ही घराभोवती पैसे देऊन खंदक भरून घेतला होता.

पण एक गोष्ट ठळक लिहिते. जुन्या घराचा पाया उथळ असतो, कधी गुडघाभरसुद्धा नसतो. भिंतीला लागून खोल खणू नका. आधी एक लहान खड्डा करून पाया कुठे संपतो ते बघा, चर त्याच्या वरच ठेवा आणि भिंतीपासून लांब घ्या, एका वेळी थोडी थोडी लांबी खणा. ओल घालवायला जाऊन भिंत घालवू नका.

गिलावा. आम्ही आधी ओलीच्या वर दोन फुटांपर्यंत काढला. छिन्नी तिरकी धरायची, सरळ ठोकलं तर दगडाचे टवके उडतात. आमचा सिमेंटचा थर ताटाएवढ्या ढलप्यांनी सुटला, कारण मागून तो आधीच सुटलेला होता, मागे हात लावला तर घामट गार, आणि त्या वासाबद्दल न लिहिलेलंच बरं. मधून मधून जुनी चुन्याची दरज दिसायची, बोटाने उकरली तर ओल्या मातीसारखी मऊ. मग काहीच करायचं नाही. हे सगळ्यात अवघड. उघडी भिंत, दर पंधरा दिवसांनी ब्रशने लोणा झाडायचा, बस. जुन्या लोकांचा ठोकताळा आहे की जाड भिंत महिन्याला इंचभर वाळते. दोन फुटांची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी वर्ष धरा. म्हणून बाहेरच्या सिमेंटच्या दरजाही काढाव्या लागतात, निदान खालच्या. तिथे मात्र घट्ट बसलेली दरज ओढून काढू नका, दगडाची कड जाते, जिथे सहज सुटते तिथून सुरू करा.

चुन्याचा गिलावा करताना आम्ही एकदा तोंडघशी पडलो तेही सांगते. गवंडी चांगला होता पण सगळं आयुष्य सिमेंटमध्ये गेलेलं, त्याने एका दिवसात जाड थर मारून, उन्हाच्या तिरिपेत सोडून दिला. तीन दिवसांत भेगांचं जाळं. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीचा दगड बनतो आणि त्याला ओलावा लागतो, लवकर वाळला की ते काम अर्धवट राहतं. दुसऱ्या वेळी आधी भिंत भिजवली, एकाला अडीच-तीन वाळू, जाडी-भरडी आणि धुतलेली, थर सेंटिमीटरभरच, प्रत्येक थर नखाने दाबला तर उमटणार नाही इतका होईपर्यंत पुढचा नाही, आणि पुढे ओलं गोणपाट टांगून ठेवलं आठवडाभर. अजून एक भेग नाही. जमिनीतली ओल जास्त असेल तर हायड्रॉलिक चुना मिळतो, तो पाण्यातही घट्ट होतो, पण त्यातला सौम्य घ्या, कडक प्रकार सिमेंटच्या जवळ जातो.

वर सफेदी किंवा सिलिकेट पेंट (भिंतीतली ओल बाहेर जाऊ देणारा खनिज रंग). सफेदी दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. पहिला हात दिला की वाटतं काही लागलंच नाही, वाळल्यावर दिसते. प्लास्टिक पेंट परत लावलात तर सगळं मुसळ केरात. पीओपी, जिप्समची पुट्टी पण नको, ते पाणी पिऊन मऊ पडतं.

चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. गॉगल, हातमोजे आणि बाजूला स्वच्छ पाण्याची बादली. कळीचा चुना स्वतः भिजवायच्या फंदात पडू नका, तो उकळतो आणि उडतो, तयार भिजवलेला आणा.

उंबरठा

+1. आणि वरती माळ्याचे किंवा मजल्याचे वासे भिंतीत शिरतात ती टोकं बघा, विशेषतः त्या ओल्या कोपऱ्यातली. स्क्रूड्रायव्हर दाबायचा, सहज रुतला तर लाकूड गेलं. इथे ते सुयांचं मीटर खरंच कामाचं आहे, लाकडात 20 टक्क्यांच्या वर आकडा सतत राहिला तर कुजायची भीती असते.

खटपट्या

फरशी उखडून प्लास्टिक टाकायचं का नाही ते कोणीच सांगितलं नाही. मला पण हवंय ते.

चुनखडी

फॉइलचं उत्तर येऊ द्या ना आधी. पाणी हवेतलं निघालं तर जमिनीखाली प्लास्टिक टाकून काय होणार, फरशी तेवढीच गार राहणार आणि घाम तसाच. आणि जमिनीतलं असेल तर आत्ता ते पूर्ण फरशीभर थोडं थोडं वाळून जातंय, ते सगळं झाकलं की बरंचसं कडेला भिंतीकडे सरकतं. मी असं काम झालेल्या घरात गेलोय, भिंतीच्या तळाला वर्षभरात नवा लोणा. उखडायचीच वेळ आली तर दगडांवर नंबर टाकून उचला, खाली वितभर जाड खडी भरा, बारीक भुशी अजिबात नको, कारण मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही, त्यावर चुन्याचं काँक्रीट आणि त्यावर तेच दगड चुन्यात. फोडलेल्या काचेच्या फेसाची हलकी खडी मिळते, ती वापरली तर खालून गारवाही कमी लागतो आणि घामही कमी. पण ते शेवटचं काम, आधी बाहेरची पातळी. कित्येकदा तेवढ्यानेच फरशीचं निम्मं भागतं.

दगडफूल

सात आठवड्यांनी परत आले, मधे इतकी धूळ होती की मोबाइल बघायलाही हात स्वच्छ नव्हता.

फॉइल: दोन चौकोन लावले. दगडावरच्यावर थेंब वरच्या बाजूला, खाली कोरडं. दरजेवरच्याच्या खाली बारीक ओल, वरती थेंब. म्हणजे उंबरठा ताई, तुमचंच खरं, पण दरजेतून थोडं चुनखडी दादांचंही. दुपारी खिडक्या बंद ठेवतोय, पायपुसणी काढली, धुणं बाहेरच्या ओसरीवर. या सात आठवड्यांत फरशीला दोनदाच पाणी सुटलं, त्यातलं एकदा सगळे एकत्र जमलो होतो आणि दारं सताड उघडी होती.

कोपरा: छत्री घेऊन उभी राहिले. पाचव्या मिनिटाला दिसलं! पन्हळीचा सांधा सुटलाय, पाणी बाहेर न पडता मागच्या बाजूने भिंतीला धरून खाली येत होतं, एक बारीक चकचकीत रेघ, दगडावरून दगडावर. तीन वर्षं ती तिथे होती आणि आम्ही आतून केमिकल लावत होतो. सांधा जोडला. वाशाचं टोक दाबून बघितलं, वरचा अर्धा इंच रुततो, आत घट्ट आहे, सुताराला दाखवणार आहे.

कोबा: मागचा दोन फुटांचा पट्टा फोडला. पाया बघायला खड्डा केला तर तो खरंच गुडघ्याएवढाच निघाला, त्यामुळे चर बाहेर लांब घेतोय. काल पाऊस झाला तर खडीतून पाणी एका मिनिटात नाहीसं झालं.

गिलावा कंबरेच्या वर दोन फुटांपर्यंत काढला, एका भिंतीचाच, बाकीच्या पुढच्या वर्षी. सावली ताई, वासाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत, नाहीतर सुरूच केलं नसतं. दोन जागी दगडावर जुन्या टाकीच्या (पाथरवटाच्या छिन्नीच्या) खुणा दिसल्या, तिरक्या, एकसारख्या, त्या तशाच उघड्या ठेवाव्याशा वाटतायत. ओलीची वरची कड पेन्सिलने आखून तारीख टाकलीय. अजून ती तसूभर खाली आलेली नाही, पण वरही गेली नाही. कोपरा मात्र वाळत चाललाय, डागाचा रंग फिका झालाय.

एकच शंका उरलीय. लोणा झाडतेय दर पंधरा दिवसांनी, आता पहिल्यापेक्षा जास्तच येतोय. काही चुकतंय का?

चुनखडी

काही चुकत नाहीये. वाट मोकळी झाली म्हणून बाहेर येतोय, सुरुवातीला जास्तच येणार. झाडत राहा, ओलं फडकं लावू नका. आणि पेन्सिलच्या रेघेकडे रोज बघू नका, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

खटपट्या

टाइल्स काढायला घेतल्यात आजपासून. छिन्नी किती रुंद लागते? माझ्याकडे अर्ध्या इंचाची आहे, तिने टाइल कमी आणि बोटं जास्त फुटतायत.

सावली

दोन इंची घ्या, आणि मुठीला रबरी ढाल असते तसली. टाइलच्या मधे नाही, सांध्यातून घाला. गॉगल लावा आधी!